चढावरची चूक

३ फेब्रुवारी

हो म्हणून आले आहे. आता निस्तरायचं.

समाजकेंद्रातली ताई काही वर्षांपूर्वी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकली होती. वयानं माझ्या निम्मी असेल, पण तिथं लहानथोर सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. कारखान्यांच्या मागच्या वसाहतीतल्या मुलामुलींसाठी तिनं ‘सोबत’ नावाचं काम सुरू केलंय. एका मुलाला एक मोठं माणूस जोडून द्यायचं. वर्षभर, आठवड्यातून दोनदा भेटायचं आणि आपल्याला जे येतं ते शिकवायचं. एक दंतवैद्य बुद्धिबळ शिकवतो, एक शिवणकामवाल्या बाई कापड बेतायला शिकवतात. हेतू एवढाच, की ती पोरं जिन्याखाली बसून गोळ्या गिळायला आणि पिशवीत तोंड घालून गोंद हुंगायला लागण्याआधी त्यांना दुसरं काहीतरी हवंसं वाटावं.

ताईचे नियम तीन. उपदेश करायचा नाही, खोदून विचारायचं नाही, ठरलेल्या वेळेला हजर राहायचं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, शेवटचा तुला नक्की जमेल. आमच्या ह्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं, त्यामुळे बोलणं कमी आणि चुका काढणं जास्त.

ताई म्हणाली, मनातलं लिहीत जा, कुणाला दाखवू नका, मलासुद्धा नको. म्हणून हे लिहिणं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी नुकतीच अठरा पूर्ण झालेली. घरी तिला भिंगरी म्हणतात. सकाळी आईबरोबर लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते. आजच्या भेटीत तिनं माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. सगळा वेळ माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे पाहत होती.

९ फेब्रुवारी

पहिला तास. गाडी चार वेळा बंद पडली. पहिल्या दिवशी गाडी बंद पडली की माणसं एकतर हसतात, नाहीतर गाडीला नावं ठेवतात. हिनं दोन्ही केलं नाही. प्रत्येक वेळी गिअर काढला आणि पुन्हा सुरू केली. जणू चादरीला सुरकुती पडली आणि पुन्हा इस्त्री फिरवली.

शेवटी एकच प्रश्न विचारला. “तुम्ही हे का करता?”

यावर सांगायला मी काहीतरी छान तयार करून ठेवलं होतं. ऐनवेळी आठवेना. म्हटलं, “मला शिकवायला आवडतं. आणि ते मला चांगलं येतं.”

“मग ठीक आहे,” म्हणाली. आजचं संभाषण एवढंच.

२ मार्च

आत्मस्तुती होईल, पण इथं कोण वाचतंय. माझ्या हाताखालून गेलेला माणूस पहिल्या फटक्यात पास होतो, ही या शहरात माझी ख्याती आहे. एवढी वर्षं शिकवतेय, पण या मुलीसारखा हात मी पाहिला नाही. बाकीचे पुढच्या गाडीच्या पाठीकडे बघतात. ही तिच्याही पुढे बघते. आज एक टेम्पो इंडिकेटर न देता वळला, तर हिनं त्याआधीच वेग कमी केला होता. मी विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाली, त्याची चाकं आधीच कलली होती.

हे शिकलीस कुठे, विचारलं. तर म्हणाली, घरीच. दादा घरात शिरायच्या आधीच ओळखावं लागतं, आज तो कसा आहे ते.

मग तिसऱ्या गिअरचं बोलायला लागली, आणि मला खोदून विचारायची परवानगी नाही.

१५ मार्च

आज तिला घरापर्यंत सोडलं. चार मजली इमारत, जिन्याखाली अंधारी जागा, तिथं सहा-सात पोरंपोरी बसलेली. एकीच्या केसांना शाळेच्या रिबिनी होत्या आणि हातात ती पिशवी. मी गाडीची काच खाली करून बसले होते, म्हणून ऐकू आलं. त्यांतल्या एकानं भिंगरीपुढे हात केला, तळहातावर काहीतरी होतं. घे ना, म्हणाला, रोज नाही म्हणतेस.

ती म्हणाली, “नको. उद्या मला गाडी आहे.”

उद्या तिचा तास नाहीच. पुढचा तास परवा आहे. येण्याजाण्याच्या वारांत तिचा असा गोंधळ होतो, हे तिला एकदा सांगायला हवं.

मी वर गेले तर जिन्यात तिचा दादा भेटला. उंच, देखणा मुलगा, पण आत माणूसच नसावा तसे कपडे लोंबत होते. तो परांचीवर काम करायचा, म्हणजे इमारतींना बाहेरून बांबू बांधतात त्यावर. पडला, खांदा मोडला, इस्पितळातून दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्या तेव्हा दुसऱ्या मिळाल्या, या जिन्याखालच्या. हे मला तिच्या आईनं सांगितलं, दारात उभ्या उभ्या, हवापाण्याचं बोलावं तसं.

९ एप्रिल

वसाहतीच्या तोंडाशी गाड्या धुण्याचं एक दुकान आहे. त्याचा मालक आज स्वतःहून पुढे आला. स्वच्छ शर्ट, आदबीचं बोलणं. आमच्या वस्तीतल्या मुलीसाठी तुम्ही एवढं करता, मॅडम, असं कोण करतं हल्ली, म्हणाला. माझी गाडी फुकटात धुऊन दिली. भिंगरीला सरावाला हवी तर माझी मोठी गाडी घेऊन जा, म्हणाला. परीक्षा कधी आहे तेही आपुलकीनं विचारलं. मी तारीख सांगितली.

इतकी चांगली माणसंही तिथं आहेत, हे ताईला सांगायला हवं. ती उगाच सगळ्या वस्तीबद्दल काळजीत असते.

भिंगरी मात्र गाडीत बसल्यावर घुम्यासारखी झाली. तास संपेपर्यंत आरशातच बघत होती. मी म्हटलं, आरसा बघावा, पण एवढा नाही.

२० एप्रिल

नापास.

मला हे लिहवत नाही. सगळं लोण्यासारखं झालं. आठचा आकडा, मागे घेणं, दोन गाड्यांच्या मधे लावणं. परीक्षक मान डोलावत होता. मग चढ. चढावर मधेच थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. हे ती डोळे मिटून करते. आज गाडी मागे आली, हळूहळू, आणि मागच्या प्लास्टिकच्या खांबाला अगदी अलगद टेकली. खांब पडलासुद्धा नाही. पण टेकली म्हणजे नापास.

मी बाकावरून उठून तिच्याकडे धावले. ती शांत. बाहेर येऊन संत्रं सोलत बसली, मला अर्धं दिलं. परत जाताना धुलाईवाला कोपऱ्यावर उभाच होता. भिंगरीनं काच खाली करून त्याला ओरडून सांगितलं, नापास झाले म्हणून. एरवी जिच्या तोंडातून शब्द काढावा लागतो, तिनं नापास झाल्याची दवंडी पिटावी, हे काही मला कळलं नाही.

४ मे

सराव पुन्हा सुरू. चढावर सात-आठदा थांबवलं. एकदाही गाडी केसभर मागे आली नाही.

मग त्या दिवशी काय झालं होतं? मनात जे येतंय ते लिहू नये असं वाटतं, पण लिहिते. ताईनं प्रशिक्षणात सांगितलं होतं, डोळ्यांतल्या बाहुल्या बघा, हात थरथरतात का बघा, बोलणं सुटंसुटं होतं का बघा. आज मी आरसा नीट करायच्या बहाण्यानं तिच्या डोळ्यांत बघत होते.

८ मे

विचारलं. गाडी बाजूला घ्यायला लावून सरळ विचारलं, परीक्षेच्या दिवशी काही घेतलं होतंस का.

तिनं इंजिन बंद केलं. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली, दार उघडलं आणि चालत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

११ मे

आली नाही. लाँड्रीच्या बाहेर ठरल्या वेळी गाडी लावली आणि तासभर बसून राहिले.

ताईला फोन केला. वाटलं, झापेल. ती म्हणाली, पुढच्या वेळी पुन्हा जा. मी म्हटलं, ती येणार नाही. ताई म्हणाली, ती येवो न येवो, तुमचं काम गाडी तिथं असण्याचं आहे.

१८ मे

आजही नाही. तासभर बसून आले. लाँड्रीच्या खिडकीतून वाफ बाहेर येत होती. वाफेमागे कुणीतरी दोनदा येऊन गेलं असं वाटलं. हे विचारतात, एकटीला गाडीत बसायला कंटाळा येत नाही का. येतो. फार येतो.

२२ मे

बसले होते. मी नेहमीसारखी शेजारच्या सीटवर. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. भिंगरी बसली, पट्टा लावला, किल्लीसाठी हात पुढे केला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, “सोडा ते मॅडम. तुम्ही इथं होतात ना प्रत्येक वेळी.”

आज तिनं पुलावरून इतकी सुरेख गाडी नेली, की मी सूचना द्यायच्याच विसरले.

७ जून

पुन्हा नापास. पुन्हा चढ. पुन्हा तोच खांब, आणि पुन्हा अलगद, जसं एखादीनं झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लावावं.

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे भडभडून बोलले. मला शिकवता येत नाही, माझं वय झालं, उद्यापासून ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरवते, वगैरे. ह्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “चूक एकदा होते तेव्हा ती चूक असते. तीच जागा, तेवढीच, पुन्हा दिसली तर आम्ही समजायचो की कुणीतरी ती तशीच जुळवलेली आहे.”

मी म्हटलं, इथं माझी अब्रू चाललीय आणि तुम्हाला छापखाना सुचतोय. जेवले नाही नीट.

९ जून

काल दिवसभर ह्यांचं वाक्य डोक्यात फिरत होतं. आज तिला मैदानावर नेलं. चढावर गाडी थांबवली, खाली उतरून मागे एक बादली ठेवली आणि आत येऊन बसले. म्हटलं, भिंगरी, गाडी त्या बादलीला लाव. पण बादली पडता कामा नये.

तिनं आरसा पाहिला. मग तिनं गाडी मागे सोडली. पत्र्याचा एवढासा आवाज आला, टुक. बादली जागच्या जागी.

मग तिनं इंजिन बंद केलं आणि सांगायला लागली. काचेतून समोर बघत, जसं रस्त्याचं वर्णन करावं तसं.

तो धुलाईवालाच जिन्याखाली गोळ्या पुरवतो. तिच्या दादालाही तोच देतो. ती गाडी शिकतेय हे कळल्यावर त्यानं तिला गाठलं. म्हणाला, लायसन्स हातात पडलं की दर आठवड्याला माझी मोठी गाडी पलीकडच्या शहरात घेऊन जायची आणि घेऊन यायची. नाक्यावर मुलगी चालवत असलेल्या गाडीची डिकी कुणी उघडत नाही. नाही म्हणालीस तर तुझ्या दादाला माझ्याकडून काही मिळणार नाही, आणि त्याला मिळालं नाही की काय होतं ते तू बघितलंयस.

“मी नाही म्हटलं असतं तर दादा मेला असता. हो म्हटलं असतं तर मी,” ती म्हणाली. “लायसन्सच नाही म्हटल्यावर मी त्याच्या काय कामाची?”

“आणि असं किती दिवस करणार होतीस?”

“तुम्ही कंटाळेपर्यंत. मला वाटलं, दोनदा नापास झाले की तुम्ही सोडून द्याल. तुम्हाला तुमचं नाव फार प्यारं आहे.”

बरोबर बोलली. माझं नाव मला फार प्यारं आहे. आणि त्या माणसाला परीक्षेची तारीख मी माझ्या तोंडानं सांगितली होती, गाडी धुऊन दिली म्हणून खूश होऊन.

पण खरं सांगायचं तर तिथं बसल्या बसल्या मला रडू यायच्या आधी भलताच अभिमान वाटला. परीक्षेच्या ताणात, परीक्षक शेजारी असताना, चढावरून मागे येणारी गाडी खांबाला नुसती टेकवून थांबवणं मला जमलं नसतं. इतकी अचूक चूक करणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळणार नाही.

१२ जून

ताईला सांगितलं, भिंगरीला विचारून. मग तिच्या आईला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत गेलो. आई चादरींच्या घड्या घालत होती. तिनं एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, म्हणून मीही घड्या घालत घालत सगळं सांगितलं. टोकाला टोक जुळवायचं, जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. माझं सांगून झालं तेव्हा गठ्ठा छातीपर्यंत आला होता.

त्या बाई खाली बसल्या. म्हणाल्या, “दोघांतलं एकच लेकरू हाती लागणार, असं मी मनातल्या मनात कधीच ठरवून बसले होते. हिनं मला विचारलंसुद्धा नाही आणि दोघांना धरून ठेवलंय.”

ताईच्या ओळखीचं एक उपचार केंद्र दुसऱ्या गावात आहे. तिथं जागा होईल, पण त्यानं स्वतःच्या पायांनी यायला हवं. बांधून आणलेल्याला ते घेत नाहीत. तो गोळ्यांशिवाय कसा राहील, ही भीती भिंगरीनं बोलून दाखवली. ताई म्हणाली, तिथं डॉक्टर असतात, हळूहळू सोडवतात. ही गोष्ट त्या पोरीला आजवर कुणी सांगितली नव्हती. ती गोष्ट तिनं ताईकडून पुन्हा एकदा वदवून घेतली.

तोवर भिंगरी आमच्याकडे वरच्या खोलीत राहील. वस्तीत सांगायचं, नातेवाइकांकडे पाहुणी म्हणून गेलीय.

१७ जून

वरच्या खोलीत माणूस असलं की घराला वेगळाच आवाज येतो. हे आणि ती जेवताना गाड्यांच्या नंबर-पाट्यांवरच्या अक्षरांच्या चुका काढत बसतात. ह्यांना इतकं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहतेय. तिनं ह्यांच्या शर्टांना इस्त्री करायला घेतली, तर हे म्हणाले, पाहुणीनं इस्त्री करायची नाही. मग स्वतः केली आणि कॉलर जाळली.

२१ जून

दादाला भेटलो. त्याला गाडीत मागे बसवलं, भिंगरी पुढे, मी शेजारी. ताईनं सांगितलं होतं, सकाळी भेटा, सकाळी तो जरा ताळ्यावर असतो. मी उपदेश केला नाही. एवढंच सांगितलं, की तुझी बहीण दोनदा नापास झाली ती मुद्दाम, आणि का झाली.

मला वाटलं, तो झोपला. वळून पाहिलं तर डोळे उघडे होते.

“त्याला मीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “भिंगरी गाडी शिकतेय म्हणून. फार मोठेपणानं सांगितलं होतं. आमच्या घरात कुणी गाडीत बसलंसुद्धा नव्हतं.”

भिंगरी म्हणाली, तिकडे येतोस का. तो म्हणाला, “तू नेशील तर येईन. पण पास होऊन ने. लपतछपत नको.”

मी म्हटलं, माझ्याबरोबर ती आजही चालवू शकते, शिकाऊ लायसन्सवर. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसले. भावाबहिणीच्या मधे बोलू नये.

उपचार केंद्रानं जागा ३ जुलैपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलंय. परीक्षेची तारीखही तीच मिळाली. सकाळी परीक्षा, दुपारपर्यंत तिथं पोचायचं. हे म्हणाले, एवढं काठावरचं कशाला. मिळाली ती तारीख घेतली, दुसरं काय.

३ जुलै

फार दमलेय, पण आज लिहायलाच हवं.

दादा आला. पहाटेपासून आई त्याच्याशेजारी बसून होती, तिनंच त्याला आणून सोडलं. अंगाला दरदरून घाम, दात वाजत होते, मांडीवर कपड्यांची पिशवी. बाकावर एका बाजूला तो, मधे आई, दुसऱ्या टोकाला मी. परीक्षक तोच. भिंगरीला बघून त्यानं उसासा टाकला, हे मला दिसलं.

आठचा आकडा झाला. मागे घेणं झालं. ती चढाला लागली, मधे थांबली. आणि गाडी मागे आली.

ही मुद्दामची नव्हती. मुद्दामची गाडी कशी येते ते मला आता ठाऊक आहे. ही झटक्यानं आली. दोनदा मुद्दाम तसं करून तिच्या पायाला तीच सवय लागली होती, आणि आज पहिल्यांदा तिला खरोखर पास व्हायचं होतं. मी बाकावर बसून पायानं जमीन दाबत होते. शेजारी आई दाबत होती, तिला तर गाडी येतही नाही. खांब वीतभर राहिला असेल. मग इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीनं श्वास धरल्यासारखं केलं, थांबली, आणि वर गेली. सरळ, एका दमात, अगदी माथ्यापर्यंत.

परीक्षक म्हणाला, जरा मागे आली होती, पण सावरली. रस्त्यावर सावरणारा माणूस लागतो. पास.

मी रडले नाही. परीक्षकाचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले म्हणे. आईनं नंतर सांगितलं.

तिथूनच निघालो. भिंगरी चालवत होती, मी शेजारी, मागे आई आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून दादा. वाटेत त्याला उलट्या झाल्या, दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. दोन्ही वेळा भिंगरीनं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, बाजूला घेतली, पाणी दिलं, पुन्हा निघाली. एकदा दादा म्हणाला, मला उतरव, मला परत जायचंय. ती म्हणाली, आता घाट आहे दादा, इथं थांबता येत नाही. तिथं घाट नव्हता. सपाट रस्ता होता, दोन्ही बाजूंना शेतं.

केंद्राच्या दारात तो स्वतः उतरला. पायऱ्या चढला. वळून बहिणीला म्हणाला, “नीट चालवलीस.”

परतीच्या वाटेवर आई पुढे बसली आणि मी मागे. मी झोपले. कोणी दुसरं चालवत असताना मी आयुष्यात कधी झोपले नाही.

६ जुलै

धुलाईवाल्यानं आज माझी गाडी अडवली. आदब तीच, पण डोळे हसत नव्हते. ऐकलं, आमची मुलगी पास झाली, म्हणाला, आणि तिचा भाऊ दिसत नाही.

मी घाबरले होते. हे कबूल करायला मला लाज नाही. पण रस्त्यावर लोक होते आणि माझा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, ही त्या देवानं दिलेली देणगी. मी म्हटलं, “ती आता ताईच्या ‘सोबत’ची गाडी चालवणार आहे. तिचा भाऊ उपचारांना गेलाय. आणि तुझ्या गाडीत काय जातं ते मला माहीत आहे, ताईला माहीत आहे आणि तिच्या आईला माहीत आहे. आता तिघींचं काय करशील ते ठरव.”

भाजी घेऊन चाललेली माणसं थांबली. तो बाजूला झाला. पुढच्या चौकात जाऊन मी गाडी थांबवली आणि ताईला फोन लावला.

१९ जुलै

ताई कित्येक महिने जिन्याखालच्या मुलांच्या घरांतून फिरत होती. तक्रार करायला सगळी तयार, पण पहिली सही करायला कुणी तयार नाही. काल भिंगरीच्या आईनं पहिली सही केली. संध्याकाळपर्यंत मागे रांग लागली. ती रिबिनवाली मुलगी तिच्या आजीला घेऊन आली होती.

२ ऑगस्ट

पोलीस आले तेव्हा धुलाईच्या दुकानाला कुलूप होतं. तो पळाला. लोक म्हणतात, दुसऱ्या शहरात असेल. मला वाटलं होतं, पकडतील, बेड्या घालतील. तसं झालं नाही. ताई म्हणते, त्याच्या जागी उद्या दुसरा येईल, तेव्हा जिन्याखाली बसायला पोरंच नसली तर तो काय करेल. तिचं बोलणं नेहमी असंच, दमवणारं. भिंगरी आपल्या घरी परत गेली. दोन दिवस झाले, हे वरच्या खोलीत जाऊन उगाच खिडक्या उघडून येतात.

२६ सप्टेंबर

दादा घरी आला आणि आठवड्याभरात पुन्हा घसरला. भिंगरीनं मला सांगितलं तेव्हा माझंच तोंड पडलं. ती म्हणाली, तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, मला परत ने. आणि या वेळी वाटेत एकदाही उतरव म्हणाला नाही. ती हे सांगताना इतकी ताठ उभी होती, की मी सांत्वनाचं सगळं परत गिळलं.

११ डिसेंबर

दादा उपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात कामाला लागलाय, तिथंच राहतो. खांदा दुखतो, तरी मोठी भांडी घासतो असं आई सांगत होती.

भिंगरीला ‘सोबत’ची व्हॅन मिळाली. संध्याकाळी जिन्याखालच्या पोरांना गोळा करायचं, कुणाला तलावावर पोहायला, कुणाला दंतवैद्याकडे बुद्धिबळाला, कुणाला शिवणाला पोचवायचं आणि आणून सोडायचं. आज तिचा पहिला दिवस. मला बोलावलं नव्हतं, बोलवायचं कारणही नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, दूध संपलंय. हे म्हणाले, दोन पिशव्या आहेत. मी म्हटलं, संपलंय. मग हेही चपला घालून निघाले.

मोठ्या चौकात आम्ही कोपऱ्यावर उभे राहिलो. व्हॅन आली. आत पोरांचा नुसता कलकलाट, खिडकीत नाकं दाबलेली, ती रिबिनवाली सगळ्यांत पुढे. व्हॅनला उजवीकडे वळायचं होतं, समोरून गाड्या येत होत्या, एक म्हातारे गृहस्थ भलत्याच वेळी रस्ता ओलांडत होते. मी हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. ह्यांनी माझी पिशवी धरली आणि तेही हलवायला लागले. पोरांनी आम्हाला पाहिलं आणि सगळी व्हॅन आमच्याकडे हात हलवायला लागली.

भिंगरीनं पाहिलं नाही. गाड्या जाऊ दिल्या, म्हाताऱ्यांना जाऊ दिलं, दोन्ही आरसे पाहिले आणि वळली.

हे म्हणाले, “आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

मी म्हटलं, “कशी बघेल? वळणावर होती.” आणि तिथंच फुटपाथवर, इतक्या लोकांत, मला काही केल्या डोळे पुसायला रुमाल सापडेना.